फॉर्म मंजूर झाला का, मामी?

आईबाप गेलेल्या दोन भाचरांसाठी सरकारच्या बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरला, त्याची ही गोष्ट. मुलांची नावं इथे लिहिणार नाही. बालन्याय कायद्याच्या 74व्या कलमाप्रमाणे अशा प्रकरणातल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी लिहिली नसती. तेव्हा थोरली आणि धाकटा एवढ्यावरच भागवू. दोघं माझ्या नणंदेची. आमच्याकडे आली तेव्हा थोरली तेरा वर्षांची होती, धाकटा आठचा. आम्ही कोल्हापूरजवळच्या उचगावात राहतो, दोन खोल्या आणि वर माळवद. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, मी गांधीनगरात एका कापडाच्या होलसेल दुकानात हिशेब लिहिते. आम्हाला एक मुलगा, तेव्हा पाचवीत.

वन्सं गेल्या 27 जुलै 2024 ला, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात. किडनीचं दुखणं होतं, वर्षभर डायलिसिस चालू होतं. त्या आठवड्यात पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली होती, निम्म्या पाहुण्यांच्या वाटेवर पाणी. मातीला मोजकी माणसं आली. दाजी आधीच गेलेले, नोव्हेंबर 2022 मध्ये धारवाडच्या अलीकडे ट्रकला अपघात होऊन. म्हणजे त्या दिवसापासून दोन्ही पोरांना आईबाप कोणी उरलं नाही.

तेराव्याला, 8 ऑगस्टला, कागल तालुक्यातल्या त्यांच्या गावी बैठक बसली. बैठक म्हणजे सोप्यात पुरुष आणि आत चुलीपुढे आम्ही. चुलते म्हणाले, "पोरगं आम्ही ठेवतो, पोरीचं तुम्ही बघा." गावात दाजींची अठरा गुंठे जमीन आहे, पोरगा वारस, हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "एवढी बोर्डिंगं हाईत की कोल्हापुरात. शाहू म्हाराजांनी कशाला काढल्यात?" महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं काढली ती खेड्यातल्या पोरांना शिकायला शहरात छप्पर मिळावं म्हणून, पोरं जड झाली म्हणून टाकायला नव्हे, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण बोलले नाही. खरं सांगायचं तर मीही मनात हिशेबच करत होते. दोन खोल्या, सहा माणसं, दोन फिया, गॅस किती दिवस पुरेल. शेवटी सासूबाई आतून बाहेर आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या लेकीची पोरं फुटू द्यायची न्हाईत. दोन्ही माझ्यासंगं येतील." विषय संपला. थोरली त्या वेळी माझ्या पाठीमागे शेंगा फोडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले.

शाळेचं काम सगळ्यात सोपं झालं, म्हणून ते पटकन सांगते. 12 ऑगस्टला दोघांना घेऊन आमच्या गावातल्या शाळेत गेले, हातात जुन्या शाळेचा दाखला नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, दाखला मागाहून आणा, पोरांना आजपासून बसवा. शिक्षण हक्क कायद्यात तसं आहेच: दाखला यायला उशीर झाला म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. कोणी अडवलंच तर एवढं वाक्य सांगून बघा. थोरली आठवीत, धाकटा तिसरीत बसला.

बालसंगोपन योजनेचं नाव मला आमच्या गल्लीतल्या अंगणवाडी सेविकेने सांगितलं. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आईबाप नसलेलं, किंवा एकच पालक असलेलं, किंवा पालक आजाराने, तुरुंगामुळे, कशाने तरी सांभाळू शकत नाहीत असं मूल संस्थेत न जाता कुटुंबातच वाढावं म्हणून सरकार दर मुलामागे महिना 2,250 रुपये देतं, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. 2023 च्या आधी हीच रक्कम 1,100 होती. सेविकेला नाव माहीत होतं, पण अर्ज कुठे द्यायचा ते नक्की माहीत नव्हतं. मग ऑगस्टच्या शेवटी एका रात्री माळवदावर जाऊन 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावला. मला वाटायचं, तो नंबर फक्त मारहाण झालेल्या, हरवलेल्या मुलांसाठी असतो. तसं नाही. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मुलं सध्या सुरक्षित आहेत ना, जेवतात ना, शाळेत जातात ना विचारलं, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा म्हणून पत्ता दिला. फोन फुकट लागतो आणि चोवीस तास लागतो.

कक्षात पहिल्यांदा गेले 4 सप्टेंबरला, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. तिथल्या समाजसेविका मॅडमनी छापील यादीच हातात ठेवली. मुलांचे जन्माचे दाखले, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, सगळ्यांची आधार कार्डं, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, तलाठ्याचा अहवाल लावून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, मुलांच्या नावाचं बँकेचं पासबुक, आणि शेवटी एक ओळ: सांभाळणारे पालक व मुलं यांचा घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. मी विचारलं, घरासमोरच का? त्या म्हणाल्या, "कागदावरचं घर आणि खरं घर एकच आहे का, ते त्यात दिसतं."

मॅडमनी केंद्राच्या प्रायोजकत्व योजनेचंही सांगितलं होतं. मिशन वात्सल्यमधून मुलाला महिना 4,000 मिळतात, पण तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाला मर्यादा आहे, ग्रामीण भागात 72,000 आणि शहरात 96,000. आमचा पगार त्याच्या वर जातो. दोन्ही योजना एकदम मिळत नाहीत. ज्यांचं उत्पन्न त्या मर्यादेत बसतं त्यांनी आधी तिकडचं विचारून घ्यावं.

त्या वर्षी सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. लाडकी बहीणचे अर्ज चालू होते, बायका पहाटेपासून रांगेत. उत्पन्नाच्या दाखल्याचा माझा अर्ज भरायलाच तीन खेपा झाल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा तलाठी पूरपंचनाम्याला गेलेले, तिसऱ्यांदा गणपतीची सुट्टी मी स्वतःच विसरलेले. रांगेत पुढच्या बाईंनी विचारलं, "तुमचा पण पंधराशेचाच का?" मी हो म्हटलं. पोरांचं सांगावंसं वाटलं नाही. सांगितलं की लोक आधी चक् चक् करतात आणि मग तुम्हाला थोर म्हणतात, आणि दोन्ही वेळा पोरं शेजारी उभी असतात.

खरी अडचण निघाली दाजींच्या मृत्यूच्या दाखल्यात. तो वन्सांनी प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवला होता. दाखला कर्नाटकचा, कानडी आणि इंग्रजीत. दाजींच्या नावात 'त' आहे. आपल्याकडे इंग्रजीत लिहिताना तिथे नुसता टी लिहितात, तिकडे टीएच लिहायची पद्धत आहे. आधारवर टी, मुलांच्या जन्मदाखल्यावर टी आणि मृत्यूच्या दाखल्यावर टीएच. एका कार्यालयातल्या बाबूंनी तो दाखला उजेडाला धरून बघितला आणि म्हणाले, "हा माणूस वेगळा आहे." मी म्हटलं, साहेब, आम्ही त्यांना जाळलंय. ते म्हणाले, "तसं नाही हो, कागदावर म्हणतो मी." त्यांनी धारवाडला जाऊन दाखला दुरुस्त करून आणायला सांगितलं. त्या रात्री मिस्टर आणि मी एसटीचं वेळापत्रक बघत बसलो होतो. पुढच्या वेळी समाजसेविका मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, कशाला जाताय, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा आणि सोबत गावच्या ग्रामपंचायतीचं पत्र जोडा. कागल भागात हे नेहमीचंच आहे म्हणे, निम्म्या गावाची सोयरीक निपाणी, चिकोडीकडे, आणि प्रत्येकाच्या कुठल्या ना कुठल्या कागदात एक एच जास्त असतो.

प्रतिज्ञापत्राला शंभराचा स्टॅम्प आणि नोटरी मिळून साडेतीनशे गेले. टायपिस्टने त्यात धाकट्याचं नावच चुकवलं होतं, ते मला घरी येऊन कळलं. दुसऱ्यांदा करायला गेले तोवर ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उजाडला होता आणि शंभराचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा झाला होता. पाचशे दिले. आणि त्यानंतर कोणीतरी सांगितलं की सरकारी दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ असतं, साध्या कागदावर चालतं. टेबलावर बसलेला टायपिस्ट हे आपणहून कधी सांगत नाही. तुम्ही आधी विचारा. आणि काहीही टाईप करून घेतलं की तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा, मागे रांग असली तरी.

त्याच टेबलांच्या आसपास एकाने गाठलं होतं: "ताई, दोन हजार द्या, महिन्यात मंजूर करून आणतो, आत आपला माणूस आहे." या अर्जाला एक रुपया फी नाही. मी दिले नाहीत, पण देऊन टाकावे असं दोनदा वाटलं, हेही खरं.

बँकेचा घोळ वेगळाच. थोरलीचं खातं अर्ध्या तासात निघालं, कारण दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडता येतं. तिने सहीचा सराव रात्रभर वहीवर केला होता. धाकटा आठचा, त्याच्या खात्याला पालक लागतो. बँकेतल्या बाई म्हणाल्या, पालक म्हणजे आई, वडील किंवा कोर्टाने नेमलेला. मामा चालत नाही. बाल कल्याण समितीचा आदेश आणा. समितीपुढे जायला अर्ज पूर्ण पाहिजे, अर्जाला पासबुक पाहिजे, पासबुकाला आदेश पाहिजे. मी हिशेबाची बाई, असला गोल फिरणारा हिशेब कधी पाहिला नव्हता. शेवटी मॅडमनीच तोड काढली. अर्जावर "धाकट्याचं खातं आदेशानंतर उघडून देऊ" असं लिहून घेतलं आणि फाइल घेतली. त्याच्या आधारचं काम मात्र मीच लांबवलं होतं. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यायचे असतात ते वन्सांच्या आजारपणात राहून गेले होते. तेव्हा सातव्या वर्षापर्यंतच ते फुकट होतं, आम्हाला शंभर रुपये पडले. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा हे टाळता येत नाही.

मधे 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. ज्या टेबलाकडे जावं तो माणूस निवडणुकीच्या ड्युटीवर. दिवाळी तशीच गेली. आईविना पहिली दिवाळी. धाकट्याने किल्ला केला आणि किल्ल्याच्या पायथ्याला एक ट्रक ठेवला, मावळ्यांच्या शेजारी. आमच्या मुलाने "शिवाजी महाराजांच्या वेळी ट्रक नव्हता" म्हणून तो उचलला, त्यावरून दोघांची मारामारी झाली. सासूबाईंनी ट्रक परत जागेवर ठेवला.

चुलत्यांच्या ना-हरकतीसाठी मिस्टर तीनदा गावी गेले. शेवटी दोन्ही मुलांची वारस नोंद सातबाऱ्यावर करायची, आणि नावापुढे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आजीचं नाव लावायचं ठरलं, तेव्हा त्यांनी सही केली. त्यात काय काय बोलणं झालं ते इथे नको.

फाइल जमा झाली 2 डिसेंबर 2024 ला, पहिल्या खेपेपासून तीन महिन्यांनी. जमा करताना आपल्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. मी दुकानात रोज तेच करते, तरी तिथे विसरून जिन्यापर्यंत गेले होते, परत फिरले. तोवरचा खर्च मी लिहून ठेवला होता: झेरॉक्स, फोटो, स्टॅम्प, नोटरी, केएमटीची बस, रिक्षा, मिस्टरांच्या गावच्या खेपांचं पेट्रोल, सगळं धरून 3,940 रुपये, आणि माझ्या अर्ध्या दिवसाच्या सात रजा.

गृहभेट झाली 9 जानेवारीला. आदल्या दिवशी मी भिंतीला चुना लावायला निघाले होते, मिस्टरांनी थांबवलं. मॅडम आल्या, चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं. स्वयंपाकघर, न्हाणी बघितली. मुलं कुठे झोपतात विचारलं. धाकटा आजीजवळ, थोरली माझ्या शिलाई मशीनच्या कडेला, आमचा मुलगा कॉटवर. थोरलीचं दप्तर आणि कपडे कुठे असतात विचारलं. मी म्हटलं, ट्रंकेत, आमच्या सगळ्यांच्यात. त्यांनी ते लिहून घेतलं. शेजारी दोन घरी गेल्या, शाळेतही जाऊन आल्या होत्या हे नंतर कळलं. मला आत राग येत होता. माझ्या नात्यातली पोरं मी सांभाळते आणि माझी चौकशी? पण जाताना त्या दारात म्हणाल्या, "प्रत्येक मामी तुमच्यासारखी नसते, म्हणून सगळ्यांकडेच बघावं लागतं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या अहवालाला सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात, समिती तो वाचूनच पुढचं ठरवते.

संक्रांतीच्या झाडलोटीत मशीनच्या खणात एक दोनशे पानी वही सापडली. पहिल्या पानावर रेघा मारून रकाने केलेले, माझ्या रोजकीर्दीसारखे. तारीख, तपशील, रुपये. 'चप्पल 250. वह्या सहा 180. धाकट्याचं औषध 95. केस कापणे 60. सहल (गेले नाही) 0.' सात पानं भरलेली. वरती लिहिलेलं, 'मामी'. मला भारी कौतुक वाटलं. पोरगी माझं बघून हिशेब शिकली. दुकानात मालकांनाही सांगितलं. वही होती तिथे ठेवून दिली.

समितीची तारीख मिळाली 18 फेब्रुवारी. दुसऱ्या दिवशी शिवजयंती, सगळ्या शहरात भगव्या पताका, दसरा चौकाच्या अलीकडेच रिक्षा अडकली. मिस्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारण बाल कल्याण समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि कोर्ट म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांचा घसा कोरडा पडतो. तसं तिथे काही नव्हतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही, नियमानेच नसतो. एक लांब टेबल, आमच्याच उंचीच्या खुर्च्या. आमच्या आधी पाच प्रकरणं होती, अडीच तास बसलो. मुलांना नेताना डबा आणि काहीतरी खेळायला न्या. धाकट्याने बाहेरच्या बाकावर खडूने चौकोन आखून ठेवले.

आधी आम्हाला विचारलं, कमाई, घर, का सांभाळताय. मग मुलांशी एकटं बोलायचं म्हणून आम्हाला बाहेर पाठवलं. धाकटा पाच मिनिटांत हसत आला. थोरली वीस मिनिटं आत. मग मला एकटीलाच बोलावलं. सदस्य मॅडम, पिकल्या केसांच्या, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "ताई, मुलगी म्हणते, फॉर्म नामंजूर झाला तरी आम्हाला इथंच राहू द्या, मी शाळा सुटल्यावर दोन घरची भांडी करीन, मामीचे पैसे फेडीन. किती झालेत ते तिला तोंडपाठ आहेत. असं तिला का वाटतंय?"

मी काय बोलले ते आठवत नाही. आठवत गेलं ते वेगळंच. सहा महिने दर संध्याकाळी जेवताना आम्ही दोघं नवराबायको काय बोलत होतो ते. मंजूर होईल का, नाही झालं तर कसं करायचं, या महिन्यात पण नाही झालं. मी दुकानातून आले की चप्पल काढायच्या आत थोरली विचारायची, "फॉर्म मंजूर झाला का, मामी?" मला वाटायचं, पोरगी समजूतदार आहे, चौकशी करते. तिच्या लेखी तो फॉर्म म्हणजे त्यांना ठेवून घ्यायचा फॉर्म होता. तेराव्याची बैठक तिच्यासाठी अजून चालूच होती. वहीत ती हिशेब शिकत नव्हती, देणं मांडत होती.

सदस्य मॅडमनी मला रागावलं नाही. थोरलीला परत आत बोलावून तिच्यासमोर मला विचारलं, "पैसे नाही आले तर मुलं कुठे राहतील?" मी म्हटलं, आमच्याकडे. "आणि आले तर?" आमच्याकडेच. "झालं. लिहून घ्या." कारकुनाने खरंच लिहून घेतलं. थोरली टेबलाच्या कडेकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण कागदांची यादी तुम्हाला कोणीही देईल. मुलांना पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगा की फॉर्म हा पैशांचा आहे, तुमचा नाही. मला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलंही नाही.

आदेशाची प्रत 11 मार्चला हातात आली. त्यात दोघांना 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' म्हटलंय. सासूबाईंनी वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "अनाथ न्हाई लिवलं, बरं झालं." तो शब्द पुढे लागणार आहे, कारण 2018 पासून राज्यात शिक्षण आणि नोकरीत अनाथांना एक टक्का आरक्षण आहे आणि त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र वेगळा अर्ज करून काढावं लागतं. ते अजून काढलेलं नाही. सासूबाईंना कसं सांगायचं ते बघतोय.

आदेश दाखवल्यावर धाकट्याचं खातं निघालं, दोन खेपांत. आदेशाच्या सहा-सात प्रती रंगीत नव्हे, साध्याच पण सही-शिक्का घेऊन ठेवा, शाळा, बँक, रेशन सगळीकडे लागतात. त्यानंतर नुसतं थांबणं. मंजुरी मिळाली म्हणजे पुढच्या एक तारखेला पैसे, असं धरून उधारी करू नका. अनुदान येतं तेव्हा काही महिन्यांचं एकदम येतं. आमचे आले 23 सप्टेंबर 2025 ला, सहा महिन्यांचे, प्रत्येकी 13,500. मेसेज थोरलीच्या खात्याचा माझ्या मोबाईलवर आला, मी दुकानात मापं लिहीत होते. घरी येऊन तिला दाखवला. तिने दोनदा वाचला, मग विचारलं, "यातले चप्पलचे कापून घेणार?"

मी म्हटलं, ती चप्पल तुटली पण आता, नवी घेऊ.

तिच्या पैशातून क्लासची फी भरली, सायकल घेतली सेकंडहँड, उरलेले खात्यातच आहेत. धाकट्याला चष्मा लागला होता, तो केला. पासबुक दोघांची त्यांच्याच दप्तरात असतात, मधून मधून काढून बघतात.

हे लिहितेय जानेवारीत. दर वर्षी नूतनीकरण लागतं, पुढच्या महिन्यात पुन्हा बोनाफाईड, पुन्हा दाखले, पुन्हा घरासमोरचा फोटो. मागच्या फोटोत थोरली एका बाजूला हातभर अंतर सोडून उभी होती, फोटोग्राफरने "जवळ या की" म्हटल्यावर अर्धा पाऊल सरकली. या वर्षी तिला पंधरा पूर्ण होतील, आधारचे ठसे पुन्हा द्यायचे आहेत, हे तिनेच मला सांगितलं. फाइल तिच्याकडेच असते आता. वरच्या पुठ्ठ्यावर तिने कागदांची यादी चिकटवलीय आणि वडिलांच्या नावापुढे कंसात लिहिलंय, 'एच जास्त, घाबरू नये'.

ती वही अजून मशीनच्या खणात आहे. मागच्या बाजूने उलटी करून तिने नववीचं बीजगणित चालू केलंय. पुढची सात पानं तशीच आहेत, फाडलेली नाहीत. परवा बघितलं तर आठव्या पानावर काही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलेलं नाही.